मदत हवी आहे: बेसबॉल कार्डावरची सही खरी का? (तातडीचं!)

एडिसनकर: शेजारचे आजोबा घर विकून फ्लोरिडाला चाललेत. जाताना मला योगी बेरा या जुन्या बेसबॉलपटूचं कार्ड दिलं, सहीवालं. गॅरेज सेलला आलेला एक जण ३०० डॉलर देतोय, उद्या सकाळी येणार. देऊन टाकू का? लवकर सांगा.

जुनापुराणा: कंपनी? साल? सही कशाने केलीये? फोटो टाका.

एडिसनकर: टॉप्स. आडवं आहे. मागे १९५५चे आकडे. सही आहे म्हटलं ना! फोटो चढत नाहीये.

जुनापुराणा: मागे आदल्या वर्षाचे आकडे असतात, मग ते १९५६चं. थांबा जरा. त्या साली टॉप्सने खेळाडूंच्या कार्डांवर सही छापलेलीच होती. ५२, ५४, ५५लाही. लाखभर पोरांकडे तीच 'सही' होती.

पार्सिपनीची_मावशी: आधी लॅमिनेट करून घे बाळा. आमच्या वहीतली गावसकरांची सही दोन पावसाळ्यांत पुसली.

जुनापुराणा: मावशी, नको हो! लॅमिनेट केलं की कार्ड मातीत गेलं.

बोस्टनचा_बंड्या: खरी असली तरी काय? कार्डावर पेन चालवलं म्हणजे कार्ड खराबच.

जुनापुराणा: कुठल्या जमान्यात आहात? कार्डं तपासणारी पीएसए कंपनी आता कार्डाला वेगळा ग्रेड देते, सहीला वेगळा. मात्र बेरा २०१५पर्यंत होता, सह्याही भरपूर दिल्या. त्याच काळातला खेळाडू क्लेमेंटे १९७२लाच विमान अपघातात गेला, त्याची सही असती तर गोष्ट वेगळी.

बोस्टनचा_बंड्या: सर्टिफिकेटचं कौतुक मला सांगू नका. एफबीआयने ऑपरेशन बुलपेनमध्ये पकडलेल्या खोट्या सह्यांनाही सर्टिफिकेटं होतीच.

गिरगावचा_गण्या: हा बेरा खरंच योगी होता?

जुनापुराणा: नाव लॉरेन्स. भारतावरच्या एका फिल्ममधल्या योग्यासारखा दिसतो, म्हणून मित्रानं ठेवलं.

गिरगावचा_गण्या: भारीच! आम्ही बिग फन च्युइंगगममधले रन आणि विकेटी जमवायचो. टॉप्सही गमवालेच ना?

एडिसनकर: अहो, गम राहू द्या!! छापील आहे की नाही ते कळणार कसं? आणि हो, सह्या दोन आहेत. खालची निळी.

जुनापुराणा: हे आत्ता सांगताय? दिव्याखाली कार्ड तिरपं धरा. पेनची शाई वेगळी चमकते, बॉलपेन असेल तर दाबाची चरही दिसते. शार्पी मार्करची असेल तर १९६४नंतरची, तो पेनच तेव्हा आला. दहापट भिंगाने बघा. आणि आजोबांना विचारलंत का, कुठे घेतली? बेरा तुमच्या न्यू जर्सीतच राहायचा, माँटक्लेअरला.

बोस्टनचा_बंड्या: पोरं छापील सहीखाली गिरवायचीसुद्धा. उगाच हुरळून जाऊ नका.

एडिसनकर: आजोबांना फोनवर ऐकू येत नाही. ओक ट्री रोडवर ओळखीचा सोनार आहे, त्याच्याकडे भिंग असेल. आठला बंद करतो. निघालो.

पार्सिपनीची_मावशी: तिकडे जातोच आहेस तर ताजी बाकरवडी आलीये का बघ रे.