फोर्ट सेंट जोसेफ: चरात पाणी येतं, थर कसे वाचवायचे?

खापरी:
मिशिगनमध्ये नाइल्सजवळ, सेंट जोसेफ नदीच्या काठी १६९१ चा फ्रेंच किल्ला होता. त्याची जागा १९९८ मध्ये वेस्टर्न मिशिगन विद्यापीठाच्या लोकांनी पुन्हा शोधली. तिथल्या फील्ड स्कूलमध्ये (विद्यार्थ्यांना उत्खनन शिकवणारं शिबिर) १ × २ मीटरचा चर आमच्या गटाकडे येणार आहे. नांगरटीचा थर काढला की खालून पाणी लागतं म्हणे. ते कसं आवरायचं? चिकट मातीतून बारीक मणी कसे मिळवायचे? १७६१ आधीचं फ्रेंच आणि नंतरचं इंग्रज हे वेगळं कसं करायचं? आणि पुण्यात शिकलेली व्हीलर पद्धत, म्हणजे चौकोनांमध्ये न खोदलेला बांध ठेवायचा, ती इथे चालेल का?

ओळंबा:
आधी पाणी, कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे. चरात पंप टाकून उपसू नका. पाणी भिंतींतून आणि तळातून आत येताना बारीक गाळ ओढून आणतं, भिंती ढासळतात आणि वरची वस्तू खालच्या थरात जाऊन बसते. पाणी चराच्या बाहेरच खाली न्यावं लागतं. त्यासाठी चराभोवती छिद्रं असलेले पाइप जमिनीत ठोकतात, ते एका आडव्या पाइपला जोडतात आणि निर्वात पंपाने ओढतात. खोदाईच्या किमान एक दिवस आधी पंप सुरू करा आणि रात्रीही बंद करू नका. रात्रभर बंद राहिला तर सकाळी तळ लोण्यासारखा होतो. तेव्हा आत पाय ठेवायचा नाही, फळी टाकून बसायचं. सांध्यातून फुसफुस आवाज आला तर हवा शिरतेय समजा. बाहेर पडणारं पाणी चराच्या चढाच्या बाजूला सोडू नका, चाळणीला वापरा.

बांधाचं म्हणाल तर ओल्या मातीत तो टिकत नाही, शिवाय एवढ्या लहान चरात जागाही नाही. चराच्या भिंतींवरून थरांचं रेखाटन करा, पण शेवटच्या दिवसावर ठेवू नका. दर २० सेंमी उतरलात की तेवढा भाग काढून घ्या. नाहीतर एका पावसात भिंतही जाते आणि रेखाटनही.

मातीगोळा:
चाळणीबद्दल. पाव इंची जाळीतून (सुमारे ६ मिमी) बारीक मणी सरळ निघून जातात. १/८ इंची (सुमारे ३ मिमी) घ्या. त्यातूनही सर्वांत बारीक मणी पडतातच, म्हणून चूल किंवा खड्डा लागला की त्यातली १० लिटर माती स्वतंत्र पिशवीत भरून तरंगवण्यासाठी (पाण्यात ढवळून हलकं वर काढायचं, जड तळाच्या बारीक जाळीत धरायचं) बाजूला ठेवा. जळकी बी, माशांचे खवले, मणी तिथेच सापडतात.

चिकट माती आधी बादलीत अर्धा तास भिजवा, मूठभर खाण्याचा सोडा टाकला तर सुटते. कार्बन कालमापनाचा नमुना मात्र सोड्यापासून लांब. फवारा मऊ ठेवा. जोरदार धार हाड फोडते.

सगळ्यात मोठा गोंधळ चिठ्ठीचा होतो, म्हणजे माती कुठल्या चरातली, कुठल्या थरातली हे लिहिलेल्या कागदाचा. बादली चाळणीवर उलटी केली की चिठ्ठीही बादलीतून चाळणीवर यायला हवी. ती बादलीतच राहिली आणि बादली दुसऱ्या चरात गेली, तर त्या पिशवीतल्या वस्तू कुठल्या हे कोणालाच सांगता येत नाही. न भिजणारा कागद आणि पेन्सिल वापरा, बॉलपेनची शाई पसरते.

लोखंडी खिळे धुवायचे नाहीत. भिजलेलं लाकूड सुकू द्यायचं नाही, पाण्यातच ठेवा.

चिलीम:
फ्रेंच की इंग्रज, हे एका वस्तूवरून ठरत नाही. बंदुकीच्या चकमकीचा दगड मधासारखा पिवळसर असेल तर बहुधा फ्रेंच, काळसर राखाडी इंग्रज, पण चकमकी एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जात. पांढऱ्या मातीच्या चिलमीच्या दांड्याचं भोक इंचाच्या चौसष्टाव्या भागांत ड्रिल बिटच्या मागच्या गुळगुळीत टोकाने मोजतात: ५/६४ म्हणजे साधारण १७१० ते १७५०, ४/६४ म्हणजे १७५० ते १८००. पाच-दहा तुकड्यांवर निष्कर्ष काढू नका. आणि हे कोष्टक इंग्रजी चिलमींवर बेतलेलं आहे.

खरा निर्णय सर्वांत उशिराची वस्तू देते. साय रंगाची तकतकीत इंग्रजी भांडी, म्हणजे क्रीमवेअर, १७६० च्या दशकाआधी बाजारात नव्हती. तिचा नखाएवढा तुकडा जरी मिळाला, तरी तो थर त्यानंतरच साचला. उलट, इंग्रज काळातल्या थरात फ्रेंच वस्तू सापडणं साहजिकच. १७६१ नंतरही फ्रेंच व्यापारी कुटुंबं तिथेच राहत होती.

खापरी:
पण तो तुकडा उंदराच्या बिळातून खाली आला असेल तर?

चिलीम:
म्हणूनच तुकडा लगेच उचलू नका. भोवतालची माती थापीने सपाट खरवडून तिच्यावर पाणी शिंपडा. बीळ असेल तर गोल, गडद, सैल मातीचा ठिपका उठून दिसतो. तसं दिसलं तर बिळाची माती आधी वेगळ्या पिशवीत काढा, तुकडा त्याच पिशवीत घाला आणि पिशवीवर 'बीळ' लिहा. ठिपका दिसला नाही तर तुकड्याच्या जागेची तिन्ही मापं (दोन आडवी आणि खोली) घ्या आणि मगच तो काढा.