एस्पेरान्तोतली द्वितीया: नियम ८ खरा की नियम १३?

एस्पेरान्तो शिकतोय, कुणाला येत असेल तर जरा मदत करा. झामेनहोफने ही स्वतः बनवलेली भाषा १८८७ मध्ये जाहीर केली, तिच्या १६ नियमांत नामाला विभक्त्या दोनच, प्रथमा आणि द्वितीया, बाकी सगळं शब्दयोगी अव्ययांवर भागवायचं आणि ती नामाच्या आधी येतात. आपल्या आठ घोकल्यावर ही सुट्टीच वाटली. द्वितीयेला शेवटी फक्त न लावायचा: 'ला हुंडो विदास ला कातोन', कुत्रा मांजराला बघतो (हा 'ला' त्यांचं उपपद, आपला प्रत्यय नव्हे). शब्द उलटेपालटे केले तरी कोण कुणाला बघतंय ते कळतं. इथवर झकास.

पण नियम ८ म्हणतो अव्ययानंतर प्रथमा, आणि १३ म्हणतो दिशा दाखवायची तर द्वितीया. 'सुर ला ताब्लो' (टेबलावर) आणि 'सुर ला ताब्लोन' दोन्ही बरोबर, मग 'अल ला ताब्लोन' चूक कसं? अल म्हणजे 'कडे', त्याहून जास्त दिशा अजून कशात असणार? आणि मुलाला पुस्तक दे यात न कुणाला लावू, आपला ला तर मुलाला लागतो ना?

प्रतिसाद:
नियम ८ नीट वाचा, अव्यय 'स्वतःहून' प्रथमा मागतं असं आहे. न अव्ययामुळे येत नाही, दिशेमुळे येतो. 'ला कातो साल्तास सुर ला ताब्लो' म्हणजे मांजर टेबलावरच उड्या मारतंय, 'ताब्लोन' म्हटलं की खालून टेबलावर उडी. सुर स्थळालाही चालतं आणि दिशेलाही, म्हणून न ने फरक करावा लागतो. अलमध्ये दिशा आधीच आहे, तिथे न ला कामच उरत नाही. जिस म्हणजे 'पर्यंत', त्याचंही तेच.

दुसरं, 'दोनु ला लिब्रोन अल ला क्नाबो'. न पुस्तकाला, मुलाला अल. आपण 'पुस्तक वाचतो' म्हणतो, निर्जीव कर्माला बहुतेक वेळा प्रत्यय लावतच नाही, म्हणून मराठी माणूस नेमका तिथेच न विसरतो. 'पुस्तक मला आवडतं' मात्र थेट आपल्यासारखं, 'ला लिब्रो प्लाचास अल मी', इथे पुस्तक कर्ता आहे, न नाही.

मूळ प्रश्नकर्ता:
अरे वा, सुटलं! पण मग 'मी लेगिस दु होरोयन', दोन तास वाचलं, यात ना कर्म ना दिशा, तरी न?

प्रतिसाद:
ते माप. किती वेळ, किती लांब, किती वजन हे अव्ययाशिवाय सांगायचं असेल तर न लावतात. तारखेलाही तसंच.