मधली भिंत पाडायचीय, पण स्लॅब तिच्यावरच टेकलाय का?

अमळनेरचा_धाकला:
राम राम मंडळी. वडिलांनी १९८६ साली बांधलेलं घर आहे. बैठक आणि मधली खोली, दोन्ही साधारण १० बाय ११. दोघींतली भिंत काढून एकच हॉल करायचाय, कारण वैशाखात पोरीचा साखरपुडा घरीच करायचं ठरलंय. मिस्त्री म्हणतो, "काही होत नाही भो, दुपारपर्यंत मोकळी करून देतो." भिंतीवर थापट्या मारून पाहिल्या. भरीव वाटते, पण त्यावरून काय कळणार?

चाळीसगावचे_नाना:
थापट्यांवरून काही कळत नाही. मी तीस वर्षं साईटवर काढली. तीन गोष्टी बघून सांगा. दाराच्या चौकटीजवळ भिंतीची जाडी मोजा. छताला त्या भिंतीच्या रेषेत बीम खाली उतरलेला दिसतो का? आणि फरशी भिंतीखालून सलग गेलीय की भिंतीला येऊन थांबलीय? शिवाय गच्चीवर त्या जागी काय आहे?

अमळनेरचा_धाकला:
प्लास्टरसकट साडेदहा इंच. बीम नाही. शहाबादी फरशी दोन्हीकडून भिंतीशी येऊन थांबते. वर बरोब्बर तिथंच हजार लिटरची टाकी.

चाळीसगावचे_नाना:
म्हणजे नऊ इंची वीटकाम, आणि भिंत फरशीच्या आधीची. स्लॅबचा भार बहुतेक तिच्यावरच आहे. टाकीतलं नुसतं पाणीच एक टन. मिस्त्रीला म्हणावं, चहा घे आणि घरी जा.
आता खरी गोम ऐका. सलग स्लॅब असेल तर मधल्या भिंतीवर त्याची मुख्य सळई वरच्या अंगाला असते. भिंत काढली की ताण तिथंच खालच्या अंगाला येतो, आणि तिथं पुरेशी सळई नसते. गाळा, म्हणजे दोन आधारांमधलं अंतर, १० फुटांचा २० झाला की स्लॅबला वाकवणारा जोर दुप्पट नाही, चौपट होतो. माझ्या मेहुण्यानं असंच केलं होतं. पडलं काही नाही, पण आठवड्यात छताला आरपार चीर गेली आणि पंखा तिरपा दिसायला लागला.

केळीवाला_रावेर:
साडेचार इंची असती तरी लगेच हात लावू नका. आमच्याकडं पोटभिंत समजून फोडायला घेतली, तर वरचा जिन्याचा टप्पा तिच्यावर टेकलेला निघाला. आणि जुन्या धाब्याच्या घरात भिंतीपेक्षा खांब न् सर (आडव्या लाकडी तुळया) बघायचे, भार त्यांच्यावर असतो.

चाळीसगावचे_नाना:
रावेरकरांचं बरोबर. धाकलेभाऊ, पाडायचीच असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअर घरी आणा, नुसता नकाशा काढणारा नको. दोन्ही खोल्यांत स्लॅबला जॅक लावायचे, मग लोखंडी गर्डर किंवा सिमेंटचा बीम, त्याच्या दोन्ही टोकांखाली बेडब्लॉक (भार पसरवणारा काँक्रीटचा ठोकळा), आणि शेवटी वीट काढायची. दोन्ही कडांना दीड-दोन फूट भिंत ठेवता आली तर गाळा कमी होतो. टाकी आजच रिकामी करा, आणि नंतर बाहेरच्या कोपऱ्यावर हलवा.

अमळनेरचा_धाकला:
वडिलांना विचारलं. म्हणाले, "काळी माती होती, त्या भिंतीखाली छातीएवढा पाया खोदलाय. मला आधी विचारलं का कोणी?" साखरपुडा कार्यालयात ठरवला. इंजिनिअर रविवारी येतोय, टाकी रिकामी केलीय, आणि मिस्त्री फोन उचलत नाहीये.