अनुभव धागा: आफ्रिकेतल्या शाळांची चांगली बातमी, आतून कशी दिसते?

नमस्कार मंडळी,

2020 मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला, तेव्हा आपल्याकडे पानंच्या पानं भरून आली. गुरुजींनी निम्मी रक्कम बाकीच्या नऊ अंतिम स्पर्धकांत वाटली, हेही छापून आलं. त्या नऊ जणांत नायजेरिया आणि दक्षिण आफ्रिकेतले शिक्षक होते, आणि आदल्या वर्षीचे मानकरी पीटर ताबिची केनियाच्या नाकुरू परगण्यातल्या केरिको शाळेतले होते. हे मात्र कुठेतरी तळटिपेत गेलं.

म्हणून हा धागा. तिकडच्या शाळांशी, शाळांच्या पैशांशी, इमारतींशी, बातम्यांशी कामाचा संबंध असलेल्यांनी लिहावं. अट एकच: "आफ्रिकेत असं असतं" हे वाक्य नको. देश 54 आहेत आणि क्षेत्रफळ भारताच्या नऊ पटींहून जास्त. देश सांगा, इयत्ता सांगा, पैसा कुठून येतो आणि गाडी कुठे अडते ते सांगा. प्रवासवर्णनासाठी वेगळा धागा आहेच.

शेवटचीओळ (वृत्तपत्र, भाषांतर विभाग)

ताबिचींपासूनच सुरू करतो. जगभर मथळा झाला तो "पगारातले 80 टक्के दान करणारा शिक्षक". मथळा खोटा नाही, पण त्यातून दुसऱ्या शाळेला घेण्यासारखं काही नाही. पगार वाटून टाका असं कुठल्याही शिक्षण खात्याला सांगता येत नाही. घेण्यासारखं होतं ते तिसऱ्या-चौथ्या परिच्छेदात: 58 मुलांमागे एक शिक्षक, शाळेत एकच संगणक, तरीही विज्ञान मंडळ नियमित चाललं आणि 2019 मध्ये मुलं अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या आंतरराष्ट्रीय विज्ञान स्पर्धेपर्यंत पोचली. जागा कमी पडली की आपण नेमके तेच परिच्छेद कापतो.

भाषांतरात नेहमी होणाऱ्या चुका सांगतो. "फॉर्म वन" म्हणजे पहिली नव्हे, माध्यमिकचं पहिलं वर्ष. केनियाचं शालेय वर्ष जानेवारीत सुरू होतं, त्यामुळे जूनमधली बातमी "शाळा सुरू होताच" अशी लिहू नये. शिलिंग केनियाचा, युगांडाचा, टांझानियाचा वेगवेगळा आहे. युगांडाचा शिलिंग केनियाच्या शिलिंगाच्या पंचविसाव्या हिश्श्याहूनही लहान. एकाच दराने रुपये काढले की शंभर रुपयांच्या फीचे अडीच हजार होतात आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

सगळ्यात मोठा घोळ "शाळेत जाणारी मुलं" या शब्दांचा. पटावर नाव असणं, रोज हजर असणं आणि वाचता येणं हे तीन वेगळे आकडे आहेत. सरकारी पत्रकात पहिला असतो आणि बातमीत तिसऱ्याचा भास होतो.

खतावणी (शाळांचे हिशेब, नैरोबी)

वरचा मुद्दा पैशातून जास्त कळतो. केनियाने जानेवारी 2003 मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत केलं आणि पट सुमारे 59 लाखांवरून 72 लाखांवर गेला. त्या वेळी मुलामागे वर्षाला 1,020 शिलिंग ठरले आणि शाळेने दोन बँक खाती ठेवायची: 650 पुस्तकं-वह्यांच्या खात्यात, 370 दुरुस्ती, पाणी, वीज वगैरेंसाठी. पहिल्या खात्याच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं जुळून "सिंबा" होतं, म्हणजे सिंह. एका खात्यातला पैसा दुसऱ्यात वळवायला परवानगी नाही. व्यवस्था चांगली होती, कारण छप्पर गळलं म्हणून पुस्तकांचा पैसा तिकडे गेला असता तर तो परत आला नसता.

अडतं कुठे? एक, पैसा डोईमागे असल्याने पट फुगवण्याचा मोह. त्यावर उपाय म्हणून ऑनलाइन नोंदणी आली. तिला जन्मदाखला लागतो, आणि दाखला नसलेलं खरंखुरं मूल वर्गात बसूनही हिशेबात येत नाही. दोन, पैसा सत्र सुरू झाल्यावर उशिरा येतो. मग खडूही उधारीवर, आणि उधारीचा दुकानदार भाव वाढवून लावतो. तीन, सरकारी नेमणूक पुरत नाही म्हणून शाळेची व्यवस्थापन समिती स्वतःचे शिक्षक नेमते. त्यांचा पगार पालकांच्या वर्गणीतून. म्हणजे "मोफत" या शब्दाला बरीच ठिगळं आहेत.

पुस्तकं आधी शाळा दुकानातून घेत. 2018 पासून सरकार प्रकाशकांकडून थेट घेऊन शाळेत पोचवू लागलं आणि एका पुस्तकावर तीन-चार डोकी हे दृश्य बरंच कमी झालं. ही खरी चांगली बातमी. पण खरेदीपद्धतीतला बदल म्हटल्यावर छायाचित्र कशाचं काढणार?

बाराखडी (वाचन प्रशिक्षण)

इथे मुंबईचा धागा खरोखर जोडलेला आहे. 'प्रथम' या शिक्षणातल्या स्वयंसेवी संस्थेचं काम मुंबईत नव्वदच्या दशकाच्या मध्यात सुरू झालं. पुढे 2005 पासून घरोघरी जाऊन मुलांचं वाचन तपासणारं 'असर' सर्वेक्षण आलं. तेच डोळ्यांपुढे ठेवून 2009 मध्ये केनिया, टांझानिया, युगांडात 'उवेझो' सुरू झालं. स्वाहिलीत उवेझो म्हणजे क्षमता. आणि इयत्तेऐवजी पातळीनुसार शिकवण्याची 'प्रथम'ची पद्धत झांबियात 'कॅच अप' नावाने 2016 मध्ये सुमारे 80 शाळांत चाचणीदाखल घेतली गेली.

पद्धत अशी. तिसरी ते पाचवीचं प्रत्येक मूल एकेकटं बसवून तपासायचं, दर मुलाला पाचेक मिनिटं. अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट यांतलं जे शेवटचं नीट वाचता आलं, ती त्याची पातळी. मग तिन्ही इयत्ता मोडून पातळीचे गट करायचे. रोज तास-दीड तास, आधी गप्पा, मग मोठ्याने वाचन, तक्ता, खेळ, शेवटी लिहिणं. काही आठवड्यांनी पुन्हा तपासणी आणि गटबदल.

झांबियात शिकवायचं चिन्यांजा, चितोंगा अशा भाषांत. या बांटू भाषांतले शब्द बहुतेक स्वरांत संपतात, म्हणून सुटी रोमन अक्षरं घोकण्यापेक्षा मा-मे-मी-मो-मू असा स्वर जोडलेल्या अक्षरांचा तक्ता लवकर लागू पडतो. आपली बाराखडीच ती! इंग्रजीला हाच तक्ता लावला की फसतो, कारण तिथे लिहिलेलं आणि उच्चारलेलं जुळत नाही.

बिघडतं ते तीन ठिकाणी. मोठी मुलं लहानांच्या गटात बसायला लाजतात, म्हणून गटांना "कच्चे-पक्के" न म्हणता प्राण्यांची किंवा फळांची नावं द्यावीत. शिक्षक पहिली तपासणी करतात आणि दुसरी टाळतात, मग मूल शब्दांच्या गटात वर्षभर अडकतं. आणि सर्वात वाईट, हा तास मुख्य वेळापत्रकाबाहेर शाळा सुटल्यावर ठेवला की पाणी भरायला जाणाऱ्या मुली आधी गळतात.

नूर (दार-एस-सलाम)

भाषेचं निघालंच आहे तर टांझानिया. सरकारी प्राथमिक शाळेची सात वर्षं स्वाहिलीत आणि माध्यमिक पूर्ण इंग्रजीत. 2016 पासून सरकारी माध्यमिक शाळांत चौथ्या फॉर्मपर्यंतची फी रद्द झाली, बातमी सगळीकडे गेली, पण फीइतकीच मोठी भिंत भाषेची आहे हे त्यात नव्हतं. सातवीपर्यंत मूल 'उसानिसिनुरू' शिकतं: उसानिसि म्हणजे संश्लेषण, नुरू म्हणजे प्रकाश, आपल्या ओळखीचा नूर. शब्द स्वतःच अर्थ सांगतो. फॉर्म वनमध्ये तेच 'फोटोसिंथेसिस' होऊन येतं आणि हुशार मूल गप्प होतं.

चांगले शिक्षक सोपा उपाय करतात. पहिल्या सत्रात फळ्याचे दोन भाग, डावीकडे स्वाहिली शब्द, उजवीकडे इंग्रजी. दिवसाला प्रत्येक विषयाचे पाच ते सात, जास्त नाहीत. समजावणं स्वाहिलीत, उत्तर लिहिणं इंग्रजीत. वरिष्ठांना वर्गात स्वाहिली ऐकू आली तर बोलणी बसतात, म्हणून दार लोटून शिकवतात असं म्हणतात. सेमी-इंग्रजीवाल्या आपल्या शिक्षकांना यातलं काही नवीन वाटणार नाही.

खिचडीवाला (सामुदायिक स्वयंपाकघरं)

केनियातल्या शाळेचं जेवण म्हणजे गिथेरी: मका आणि घेवड्यासारखी कडधान्यं एकत्र उकडलेली. शालेय आहाराचं ठरलेलं माप दर मुलाला 150 ग्रॅम धान्य, 40 ग्रॅम कडधान्य, 5 ग्रॅम तेल, सगळं कोरडं वजन. 400 मुलांना 60 किलो मका, 16 किलो कडधान्य, 2 किलो तेल. मका आणि कडधान्य आदल्या रात्री भिजवलं तर लाकूड जवळपास निम्मं लागतं. उष्ण, दमट कोठारात वर्षभर पडलेला घेवडा कितीही उकडा, शिजत नाही. त्यात घाईने टोमॅटो आधी टाकला तर आणखी दगड होतो, कारण आंबट पदार्थाने साल मऊ व्हायचं थांबतं. टोमॅटो, मीठ शेवटी.

मक्याचा खरा धोका बुरशीचा. ओलावा साडेतेरा टक्क्यांच्या वर गेला की अफ्लाटॉक्सिन तयार होण्याची भीती, आणि शिजवल्याने ते विष जात नाही. 2004 मध्ये पूर्व केनियात अशा मक्याने 125 माणसं गेली. यंत्र नसेल तर कोरड्या काचेच्या बाटलीत मूठभर मका आणि चमचाभर कोरडं मीठ घालून दोन-तीन मिनिटं हलवा. मीठ काचेला चिकटलं तर पोतं परत करा. मात्र चिकटलं नाही म्हणजे साडेतेराच्या खाली असं नाही. पंधराच्या आसपास असतानाही मीठ सुटंच राहतं. पोती भिंतीपासून हातभर लांब, फळ्यांवर.

नैरोबीत 2023 पासून परगणा सरकारची मोठी स्वयंपाकघरं आहेत. पालक ताटामागे 5 शिलिंग मोबाईलवरून भरतात, मुलाच्या मनगटातला पट्टा यंत्राला लावला की ताट मिळतं. पैसे भरलेलं मूल आणि न भरलेलं मूल रांगेत वेगळं ओळखू येत नाही, हा त्यातला मला सर्वात आवडलेला भाग.

पांढरीमाती (वास्तुविशारद)

बुर्किना फासोमधल्या गांदो गावची प्राथमिक शाळा 2001 ची, दिएबेदो फ्रान्सिस केरे यांची. 2004 मध्ये शाळेला आगा खान पुरस्कार, 2022 मध्ये केरेंना प्रित्झकर, दोन्ही वास्तुकलेतले मोठे पुरस्कार. "मातीची शाळा" एवढंच छापून येतं. खरी युक्ती दोन छपरांत आहे. पत्रा थेट वर्गावर टाकला तर भट्टी होते आणि पावसात शिक्षकाचा आवाज ऐकू येत नाही. इथे भिंतींवर फटी ठेवलेलं विटांचं छत आहे आणि त्याच्या वर, अंतर सोडून, सळ्यांच्या कैच्यांवर (त्रिकोणी सांगाड्यांवर) उचललेला पत्रा. गरम हवा फटींतून वर निघून जाते, खिडक्यांतून थंड आत येते. कैच्या साध्या बांधकामाच्या सळ्यांच्या, कारण गावात क्रेन नव्हती आणि वेल्डिंग गावकऱ्यांना शिकवता येत होतं.

नक्कल करणाऱ्यांसाठी: दाबून केलेल्या मातीच्या विटेत साधारण 5 ते 8 टक्के सिमेंट, आणि किमान आठवडाभर पाणी मारून सावलीत ठेवणं. भिंत नेहमी पायथ्याशी खचते, म्हणून दगडी जोतं आणि पत्र्याला भरपूर पुढे काढलेली पडवी. आपल्याकडची काळी माती चालणार नाही, ती फुगते आणि भेगाळते. मुरूम चालतो.

खतावणी

पांढरीमाती, पत्र्याच्या खालची पोकळी वटवाघळं धरत नाहीत का?

पांढरीमाती

धरतात, कोपरे बंद राहिले तर. कडेला जाळी लावा, पण बारीक नको, धूळ बसून हवा अडते.

मतपेटी

नेतृत्वाबद्दल कुणीच लिहिलं नाही. घानाचं अशेसी विद्यापीठ पॅट्रिक अवुआ यांनी 2002 मध्ये 30 विद्यार्थ्यांवर सुरू केलं. 2008 मध्ये तिथे सचोटीची संहिता आली: विद्यार्थी मतदान करून ती स्वीकारतात आणि मग परीक्षेत पर्यवेक्षक नसतो. देशाच्या मान्यता मंडळाने ती बंद करायला सांगितलं होतं, विद्यापीठ हटलं नाही. कठीण कलम कॉपी न करण्याचं नाही, मित्राने केली तर सांगण्याचं आहे. जोहान्सबर्गची आफ्रिकन लीडरशिप ॲकॅडमी 2008 ची, विद्यापीठाआधीची दोन वर्षं, खंडभरातून निवडलेली मुलं. चांगली आहे, पण मूठभरांसाठी. बातम्या मात्र हिच्यावरच जास्त.

केनियातल्या माध्यमिक शाळांतला बदल मला मोठा वाटतो. 2008 मध्ये शाळाशाळांत झालेल्या दंगलींनंतर मुख्याध्यापकांनी नेमलेल्या विद्यार्थीप्रमुखाऐवजी (प्रीफेक्ट) मुलांनी निवडलेली परिषद आली. ती चालते तेव्हाच, जेव्हा तिला जेवण, पाणी, वसतिगृह यांतल्या एकातरी गोष्टीवर लेखी उत्तर मिळतं. नुसते बिल्ले वाटले तर मुलं सहा महिन्यांत ओळखतात.

शेवटचीओळ

मतपेटी, यातच वसतिगृहांच्या आगी येतात. 2001 मध्ये केनियातच माचाकोसजवळ 67 मुलगे गेले, 2024 मध्ये न्येरीत 21. सकारात्मक बातमीच्या नावाखाली हे गाळू नये. तिथल्या शाळांसाठीच्या 2008 च्या सरकारी सुरक्षा पुस्तिकेत दोन खाटांत 1.2 मीटर, मधली वाट 2 मीटर, बाहेर उघडणारी दारं, खिडक्यांना गज नकोत, असं स्वच्छ लिहिलंय. बातमीदाराने शाळेत गेल्यावर टेप काढून खाटांमधलं अंतर मोजावं आणि रात्री दाराला बाहेरून कुलूप असतं का, किल्ली कुणाकडे असते, हे विचारावं.

मतपेटी

आणि उत्तर मुख्याध्यापकांकडून नाही, मुलांच्या परिषदेकडून घ्यावं.