मदत हवी आहे: मॉर्मन मंदिरविधी आणि फ्रीमेसन

मॉर्मन या अमेरिकेतल्या ख्रिस्ती पंथाच्या मंदिरातल्या 'एंडाउमेंट' विधीबद्दल (यात श्रद्धावान देवाला वचनं देतात) वाचतेय आणि एका जागी अडकलेय. पंथाचे संस्थापक जोसेफ स्मिथ मार्च १८४२ मध्ये इलिनॉयमधल्या नॉवू इथे फ्रीमेसन (गुप्त विधी असलेल्या एका बंधुसंघटनेचे सदस्य) झाले आणि ४ मेला आपल्या विटांच्या दुकानाच्या माडीवर त्यांनी हा विधी केला. विशिष्ट हस्तांदोलनं, गुण्या-कंपासची चिन्हं दोन्हीकडे आहेत. गळ्यावरून अंगठा फिरवण्याची शपथेची खूणसुद्धा होती, ती १९९० मध्ये काढली. टीकाकार म्हणतात, मेसनांकडून सरळ उचललंय. उलट, मूळ पौरोहित्य बिघडून मेसनरी झाली, असं जोसेफ सांगतात, हे त्यांचे निकटचे सहकारी हेबर किंबॉल यांनी जून १८४२ च्या पत्रात लिहिलं. मला हे पटत नाही. मेसनांचे विधी इतके जुने नाहीतच. पण मग एंडाउमेंटमधलं आदम-हव्वेचं नाट्य कुठून आलं? श्रद्धावानांचा मान राखून केलेला अभ्यास कुणाला माहीत असेल तर कृपया सांगा.