विषय: ग्रेसन हायलँड्सची जूनमधील सहल, ठाण्याहून विचारणा

माननीय सहलप्रमुख यांस,
सप्रेम नमस्कार.

जूनमध्ये आम्ही उभयता नौपाड्याहून मुलीकडे व्हर्जिनियात येत असून, मंडळाने रानघोड्यांच्या डोंगरावर आखलेल्या एक दिवसाच्या सहलीत तिने आमचीही नावे घातली आहेत. साठी उलटल्यावर मी कळसूबाई चढलो आहे, सौ.चे गुडघे मात्र जिन्यावरही कुरकुरतात. माउंट रॉजर्सच्या माथ्यापर्यंत जाणे सर्वांना बंधनकारक आहे काय? तसेच घोड्यांसाठी गूळ-चणे आणले तर चालतील काय? माथेरानच्या घोड्यांना आम्ही ते देत आलो आहोत.

— नौपाडा, ठाणे

---

आदरणीय काका,
सा. न.

योगायोगाने मीही सध्या पाचपाखाडीत माहेरी आहे, त्यामुळे निवांतपणे लिहिते.

गूळ-चणे कृपया आणू नयेत. माथेरानच्या घोड्यामागे घोडेवाला असतो. ग्रेसन हायलँड्सचे हे पोनी, म्हणजे ठेंगणे घोडे, बारा महिने उघड्यावर चरून जगतात. जंगलतोड आणि वणवे यांमुळे मोकळे झालेले तेथील माळ पुन्हा झुडपांनी भरून जाऊ नयेत, म्हणून अमेरिकेच्या वनखात्याने 1970च्या दशकात ते तेथे सोडले. म्हणजे चरणे हेच त्यांचे काम आहे. आज ते सुमारे शंभर आहेत. विल्बर्न रिज पोनी असोसिएशन ही संस्था त्यांची देखभाल करते आणि संख्या आटोक्यात राहावी म्हणून दर शरदात काहींचा लिलाव होतो. त्यांना खाऊ घालण्यास व हात लावण्यास मनाई आहे, कारण ते चावतात आणि लाथही मारतात. आपण दूर राहिलो तरी ते जवळ येतातच: मागच्या खेपेस डोळ्यांवर झिपऱ्या आलेल्या एका तांबूस घोडीने माझ्या पाठपिशवीचा घामाने खारट झालेला पट्टा इतका मन लावून चाटला, की मला पिशवी तिथेच उतरवून बाजूला व्हावे लागले.

आता चढाविषयी. कळसूबाई 1,646 मीटर, माउंट रॉजर्स 1,746 मीटर. पण घाबरू नये, कारण जिथून चालायला सुरुवात होते तो मॅसी गॅपचा वाहनतळच साडेचार हजार फुटांच्या (सुमारे 1,370 मीटर) वर आहे. दमवते ते अंतर: जाऊन-येऊन साधारण नऊ मैल, आणि वाट दगडगोट्यांची. शिवाय माथा स्प्रूस व फरच्या दाट झाडीत असल्याने तेथून काहीही दिसत नाही. व्हर्जिनियातील सर्वोच्च जागी उभे राहिल्याचे समाधान तेवढे मिळते, आणि माझ्या मते ते नऊ मैलांना महाग आहे. उघडा माळ, विल्बर्न रिजचे कातळ आणि बहुतेक वेळा घोडेही त्याआधीच भेटतात. म्हणून दोन गट केले आहेत. काकूंनी पहिल्या गटाबरोबर माळापर्यंत यावे. आपण पुढे गेलात, तर ॲपलाचियन ट्रेल या लांब पल्ल्याच्या पायवाटेच्या पांढऱ्या खुणा धरून चालावे आणि माथ्याकडे फुटणाऱ्या आडवाटेवर निळ्या खुणा शोधाव्यात.

जूनमध्ये ऱ्होडोडेंड्रॉन फुललेले असतात, पण धुके, बोचरा वारा आणि विजाही असतात. ठाण्याच्या सवयीने छत्री आणू नये, वारा ती उलटी करतो. टोपीचा रेनकोट आणावा. दुपारी एक वाजता जो जिथे असेल, तेथून त्याने मागे फिरायचे आहे, मग माथा समोर दिसत असला तरी. डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या चालतील, मात्र झाकण घट्ट हवे. प्लॅस्टिकची पिशवी कुरकुरली की घोडे हजर होतात.

रविवारी सकाळी येऊरच्या डोंगरावर जाणार आहे. सहलीला घालणार तेच बूट घालून आपणही यावे.

---

सप्रेम नमस्कार.

गूळ-चणे रद्द केले. रविवारी दोघेही येतो. बूट नवे आहेत, ते तेथेच कळेल. सौ. विचारते आहे, की पहिल्या गटात माणसे किती, म्हणजे पुऱ्यांचा अंदाज येईल.