मालिका अर्धवट, कपाट भरलेलं. तुम्ही कसं निभावता?

पानखूण:
परवा कपाट आवरताना न वाचलेली पुस्तकं मोजली. 63 भरली. प्रदर्शनात ‘कोणतंही पुस्तक 100 रुपये’ अशी पाटी दिसली की माझा हात आवरत नाही, ते सोडा. खरा जीव खाल्लाय तो मालिकांनी. आनंद यादवांची आत्मकथा ‘झोंबी’ तीन रात्रींत वाचली, रडले, आणि त्याच भरात तिचे पुढचे भाग ‘नांगरणी’, ‘घरभिंती’, ‘काचवेल’ तिन्ही आणले. ‘नांगरणी’ दिवाळीपासून उशाशी पडून आहे. किंडलवर रॉबर्ट जॉर्डनची इंग्रजी फँटसी मालिका ‘व्हील ऑफ टाइम’ आठव्या भागात अडकलीय, एकूण 14 भाग! मध्ये दोन महिने गेले की कोण कुणाचं कोण हेच आठवत नाही. मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, आणि पुन्हा तिथेच गाडी रुतते. मालिका तडीस नेणारे लोक नेमकं करतात काय? आणि मध्येच सोडली तरी चुटपुट लागणार नाही, अशी एखादी मालिका सुचवा.

बोरूबहाद्दर:
आधी पुस्तकं घेणं बंद करा.
(सांगणारा काल अप्पा बळवंत चौकातून दोन पिशव्या घेऊन आलाय.)

सह्यकडा:
व्हील ऑफ टाइमबद्दल बोलतो, मीही तिथेच रुतलो होतो. सात ते दहा हा पट्टा रटाळ आहे, असं कट्टर चाहतेसुद्धा म्हणतात. दहाव्यात तर पानंच्या पानं सरतात आणि कथा जागची हलत नाही. अकराव्यात वेग परत येतो. जॉर्डन 2007 मध्ये गेले. शेवटचे तीन भाग त्यांच्या टिपणांवरून ब्रँडन सँडरसनने पुरे केले आणि ते भराभर वाचून होतात. पहिल्यापासून सुरू करण्याचा नाद सोडा. मागच्या भागांचे प्रकरणवार सारांश नेटवर आहेत, तासाभरात उजळणी होते. मी दहावा भाग अख्खा सारांशावरच काढला, आणि पुढे कुठेही अडलं नाही.

माजघर:
दहावा न वाचता 14 भाग वाचले म्हणायचं? असो.
पानखूण, यादवांना त्या पंगतीत बसवू नका हो. ‘झोंबी’ मॅट्रिकला येऊन थांबते आणि तिथे ती पुरी होते. बापाशी आणि परिस्थितीशी झगडून शिकलेल्या पोराची गोष्ट तुम्हाला मिळालेली आहे. ‘नांगरणी’त पुढचं कॉलेज आहे, लेखक म्हणून घडणं आहे, त्याची चालच संथ. पुढच्या पावसाळ्यात वाचलीत तरी काही बिघडत नाही.
सुचवायचं तर प्रकाश नारायण संतांचा लंपन, त्यांच्या कथांमधला शाळकरी मुलगा. ‘वनवास’, ‘शारदा संगीत’, ‘पंखा’, ‘झुंबर’. सुट्या कथा आहेत. एक वाचून सहा महिने ठेवून दिली तरी लंपन तसाच मॅडसारखा वाट बघत असतो.

कातरवेळ:
माझा अनुभव: वाचनालयाचं पुस्तक पंधरा दिवसांत परत करायचं असतं म्हणून वाचून होतं, घरचं कुठे पळून जातंय! म्हणून मी जी. ए. कुलकर्णी आणि लंपन सोडून सगळे संच बहिणीकडे नेऊन ठेवले. ती एका वेळी एकच भाग देते. परत केल्याशिवाय पुढचा नाही, आणि उशीर झाला तर दिवसाला पाच रुपये दंड. आतापर्यंत 140 रुपये गेलेत, पण तीन संच संपले.

पानखूण:
माजघर, ‘झोंबी’ पुरी आहे हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, चारही सलग संपवायलाच हवीत असं धरून चालले होते. ‘नांगरणी’ उशाशी नको, वर ठेवते. व्हील ऑफ टाइमचा सारांश आज रात्री काढते. कातरवेळ, माझी नणंद खालच्या मजल्यावरच राहते, पण ती दंड दुप्पट लावेल.
आणि आत्ता कपाट पाहिलं. ‘वनवास’ त्या 63 मध्येच आहे, प्लास्टिकसकट.

बोरूबहाद्दर:
‘पंखा’ घेऊ नका. माझ्याकडे दोन प्रती आहेत, पहिली घेतल्याचं विसरलो होतो.